तीन तास आठ मिनिटं

कंपनीच्या डॉक्टरांची अट दोन वाक्यांची होती. सलग तीस रात्री, प्रत्येक रात्री किमान चार तास मास्क चेहऱ्यावर हवा. एक रात्र जरी कमी भरली, तरी मोजणी पुन्हा एकपासून.

ही अट ज्याला घातली होती, तो बंदरावर एकोणीस वर्षं क्रेन चालवत होता. जमिनीपासून चाळीस मीटर उंच काचेच्या केबिनमध्ये बसायचं, जहाजावरचे कंटेनर उचलायचे आणि खाली उभ्या असलेल्या ट्रकांवर अलगद टेकवायचे, हे त्याचं काम. सदा वर बसलेला म्हणून बंदरावर सगळे त्याला ‘गच्ची’ म्हणत. चार महिन्यांपूर्वी एका दुपारी कंटेनर अधांतरी असताना गच्चीचा डोळा लागला. सहा सेकंद. कंटेनर पडला नाही, कुणाला खरचटलंही नाही. पण खाली उभ्या असलेल्या मुकादमाने ते सहा सेकंद पाहिले होते. तपासण्या झाल्या. गच्चीचा झोपेत श्वास थांबत होता, तासाला एक्केचाळीस वेळा. म्हणजे आठ तास अंथरुणात काढूनही माणूस रात्रभर धड झोपतच नव्हता.

त्यावर उपाय म्हणून त्याला एक मशीन मिळालं. चपलांच्या खोक्याच्या निम्म्या आकाराचं. त्यातून एक लांब नळी निघते, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. मशीन रात्रभर हवेचा हलका दाब देत राहतं आणि घसा मिटू देत नाही. शिवाय आत एक कार्ड असतं, ते रोजचे तास नोंदवून ठेवतं. त्या कार्डापुढे कुणाचं काही चालत नाही.

तोवर गच्चीला भांडारात बसवलं. हेल्मेट द्यायची, हातमोजे द्यायचे, सही घ्यायची. “गच्ची तळमजल्याला आली,” असं म्हणून पहिला आठवडा सगळे हसले. नंतर हसायचेही थांबले, ते जास्त लागलं.

मशीनची सव्विसावी रात्र नीट पार पडली. तिसावी रविवारी होती, सोमवारी डॉक्टर कार्ड बघणार होते आणि मंगळवारी बंदरावर येणाऱ्या नव्या क्रेनवरच्या दोन चालकांची यादी लागणार होती. मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली असती, तर त्या यादीत गच्चीचं नाव येणार नव्हतं. आणि पुढची क्रेन कधी येईल, हे कुणालाच माहीत नव्हतं.

नेमका त्याच आठवड्यात दादाचा निरोप आला.

दादा म्हणजे गच्चीचा थोरला भाऊ. डोंगरावर एकटा राहायचा, एकतीस मधपेट्या सांभाळायचा. तिथे वीज नव्हती आणि दादाला ती नकोच होती. निरोप असा, की उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय, आणि थंडी पडायच्या आत मध काढायला हवा. भरलेली पेटी वीस-बावीस किलोची, ती एका हाताने उचलत नाही. कुणी अनोळखी माणूस पेटीत हात घालायला तयार नाही.

“जायलाच हवं,” गच्ची म्हणाला.

“आणि मशीन?” बायकोने विचारलं.

“तेही येईल.”

“तिथे काय, गवतावर चालवणार?”

गच्चीची बायको धान्याच्या गोदामाबाहेरच्या वजनकाट्यावर कामाला होती. दिवसाला शे-दीडशे ट्रक काट्यावर चढायचे, ती आकडा वाचायची, चिठ्ठी द्यायची. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेल्या आकड्याखेरीज तिचा कशावर विश्वास नसे. दादा तिला ‘काटेबाई’ म्हणायचा आणि तिलाही ते चालायचं.

दोघं बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने मशीनच्या तळाशी चिकटवलेला कागद वाचला, काटेबाईने विचारलेल्या चौदा प्रश्नांची उत्तरं दिली आणि चार किलोची एक बॅटरी समोर ठेवली.

“पहिली गोष्ट,” तो म्हणाला, “मशीनमधली पाणी गरम करायची टाकी बंद ठेवायची. ती मशीनच्या तिप्पट वीज खाते.”

“मग यांचा घसा कोरडा पडेल.”

“पडू द्या. घसा कोरडा पडला तर पाणी पिता येतं. मधेच बॅटरी संपली तर काय पिणार?”

दुसरी गोष्ट त्याने टेबलावर ठेवूनच दाखवली. मुठीएवढी एक काळी डबी. बॅटरी बारा व्होल्टची, मशीनला चोवीस लागतात. ही डबी बाराचे चोवीस करते. तिच्या एका बाजूने वायर मशीनकडे जाते; दुसऱ्या बाजूच्या वायरला गाडीतल्या सॉकेटात बसतो तसला प्लग, तो बॅटरीत खुपसायचा. बस, एवढंच.

“चालताना डबी कोमट होईल. घाबरू नका.”

काटेबाईने घरी दोन रात्री चाचणी घेतली. भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली, सवयीने कुणी दाबू नये म्हणून. दोन रात्रींनंतर बॅटरीवरच्या चार दिव्यांपैकी दोन शिल्लक होते. तिने ते कागदावर लिहिलं, बॅटरी पुन्हा पूर्ण भरली आणि मगच बॅग बांधायला घेतली.

गुरुवारी दुपारी ते निघाले. शेवटच्या गावापासून वर दीड तास गाडी, आणि रस्ता संपला की चाळीस मिनिटं पायवाट. गच्चीने बॅटरी पाठीवर घेतली, काटेबाईने मशीन पोटाशी धरलं. दादा दारातच उभा होता, प्लास्टरचा हात गळ्यात.

“अरे धाकट्या, एवढं सामान? राहायला आलायस की काय कायमचा?”

“हे माझं नाक आहे,” गच्ची म्हणाला, “वेगळं आणावं लागतं.”

दादाच्या घरात मोजून दोन खोल्या. एकीत चूल आणि दोन खाटा, दुसरी मधाची. काटेबाईने मधाच्या खोलीतला बाक पसंत केला. तिथे धूर नव्हता. दोघं भाऊ चुलीच्या खोलीत. गच्चीने प्लग बसवला, चारही दिवे बघितले, मास्क लावला. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दादा खाटेवर बसून हे सगळं बघत होता.

“आवाज तर काहीच नाही याचा,” तो म्हणाला. “म्हटलं, आता रात्रभर ट्रॅक्टर चालणार.”

गच्चीने अंगठा वर केला. मास्क लावून तोंड उघडलं की हवा नाकातून शिरून तोंडातून भसकन बाहेर येते, म्हणून मास्क लावल्यावर तो बोलत नसे.

शुक्रवारी सकाळी सहाला त्याला जाग आली, ती डोकं जड होऊन. ते जडपण त्याच्या ओळखीचं होतं. मशीन येण्यापूर्वी कित्येक वर्षं तो रोज तसाच उठत होता. मास्क नाकावर होता, पण हवा येत नव्हती. मशीनचा पडदा काळा. बॅटरीचे दिवे बघितले, तर चारही लागलेले.

मग त्याने वायरीचा माग घेतला. वायर खाटेखालून चुलीच्या भिंतीकडे गेली होती. भिंतीला टेकून एक गाठोडं होतं, जुन्या लोकरी कोटांची शिवलेली जाड दुलई, चारी बाजूंनी खोचून, वरून दोरी बांधलेली. अशाच दुलया दादा थंडीत मधपेट्यांना गुंडाळायचा. गच्चीने दोरी सोडली. आत काळी डबी, बॅटरीकडून आलेली वायर तिच्याभोवती व्यवस्थित गोल गुंडाळलेली, आणि तिच्याच शेजारी प्लग. बॅटरीही तिथवर ओढून आणली होती आणि तिचं प्लग खुपसलेलं टोक तेवढं दुलईत घेतलं होतं. डबी इतकी तापली होती, की हात ठेववेना. प्लगचं प्लास्टिक मऊ पडून एका बाजूला वाकलं होतं आणि टोकाची स्प्रिंग आत रुतून बसली होती.

तो तसाच खाटेवर बसला. सत्ताविसावी रात्र. चार तास झाले असतील? झोपेतच मशीन बंद पडलं, कधी पडलं ते कोण सांगणार? पडदा लागत नव्हता, म्हणजे आकडाही दिसत नव्हता. आणि रात्र तर उलटून गेली होती.

दादा बाहेरून आला, माश्यांना धूर द्यायचं धुराडं काखेत धरून.

“झोपलास ना छान? तुझ्या त्या डबीला रात्री हात लावून बघितला मी. कोमट लागली. म्हटलं, जीव आहे हिच्यात, आणि गार फरशीवर पडलीय बिचारी. मधमाश्यांचा गोळा पेटीत अस्साच लागतो हाताला, त्याला एकदा थंडी लागली की संपलं. मग दिली बांधून उबेला.” त्याने गच्चीकडे बघितलं. “बरं वाटलं ना तिला?”

“हो,” गच्ची म्हणाला. “झक्कास.”

दुलईची घडी घालून त्याने ती दादाच्या हातात दिली.

सकाळभर तो पेट्या उचलत राहिला. मधाच्या वरच्या पेट्या उतरवायच्या, आतल्या पोळ्यांच्या चौकटींवरच्या माश्या ब्रशने झाडायच्या, मधाच्या खोलीत नेऊन ठेवायच्या. काटेबाईने दोनदा विचारलं, “रात्रीचे किती झाले?” एकदा तो म्हणाला, “नंतर बघू.” दुसऱ्यांदा म्हणाला, “बॅटरी वाचवायला बंद ठेवलंय.”  साडेनऊला हात धुऊन ती चुलीच्या खोलीत गेली आणि मशीनचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग प्लग हातात घेऊन ती बाहेर आली.

“हे काय आहे?”

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. हे काय आहे?”

त्याने सांगितलं. सगळं मिळून चार वाक्यं.

“आणि तुम्ही दादांना म्हणालात, झक्कास?”

“त्याने मायेने केलं गं. आता सांगून काय होणार? रात्र गेली ती गेली. त्याला उगाच लागून राहील. पुन्हा एकपासून मोजू, आणखी एक महिना भांडारात. त्यात काय मोठंसं.”

“त्यात काय मोठंसं?” काटेबाई म्हणाली. “मग पहाटे दाढी करताना कालपर्यंत शीळ कोण घालत होतं?”

ती आत गेली आणि मशीनच्या पिशवीतून माहितीची पुस्तिका घेऊन आली. गच्चीने ती कधी उघडली नव्हती. काटेबाईने पहिल्याच आठवड्यात वाचून काढली होती. आता ती पायरीवर बसून एकेका ओळीवर बोट फिरवायला लागली. सतराव्या पानावर बोट थांबलं.

“वाचा.”

गच्चीने वाचलं. मशीनचा एक दिवस दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा असा धरला जातो. त्या काळात मास्क कितीही वेळा काढला-घातला, तरी सगळे तास एकत्र मोजले जातात.

दोघांनी एकदमच घड्याळ बघितलं. नऊ पन्नास.

“खाली गावात वीज आहे,” गच्ची म्हणाला.

“चाळीस मिनिटं उतरायचं, दीड तास गाडी. बाराला गाव येईल. वीज मिळेल, पण वेळ संपलेली असेल.” काटेबाईने पुस्तिका मिटली. “इथेच काय ते करायचं. आणि दादांना सांगावंच लागेल, हत्यारं त्यांच्याकडे आहेत. तुम्ही सांगता की मी?”

गच्चीने सांगितलं. दादा चौकट हातात धरून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने चौकट जागेवर ठेवली, प्लग घेतला, वाकलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला.

“सकाळीच बोलायला काय झालं होतं तुला?”

“दादा, अरे...”

“गाढव आहेस. मी गाढव, तू महागाढव.” तो वळून तरातरा मधाच्या खोलीत गेला. आत डबे आपटल्याचे आवाज आले. मग तो बाहेर आला तो दोन वायरी घेऊन, एक लाल, एक काळी. दोन्हींच्या टोकांना दातेरी चिमटे.

“मेणाच्या पत्र्यात तार बसवायला वापरतो. चौकटीत बारीक तार ताणलेली असते, तिच्या दोन टोकांना चिमटे लावून बॅटरी जोडायची. तार तापते, मेण वितळतं, तार आत बसते.”

“म्हणजे बॅटरी आहे तुमच्याकडे!” काटेबाई म्हणाली. “आणि आम्हाला सांगत होतात, वीज नको म्हणून.”

“वर्षातून दोन दिवस वापरतो. ती काय वीज झाली?”

गच्चीने प्लग कापून टाकला. आतून दोन वायरी निघाल्या आणि इथे काम अडलं, कारण दोन्ही काळ्याच होत्या. एकीवर पांढरी रेघ होती, पण रेघ म्हणजे अधिक की उणे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. उलटं जोडलं तर डबी जळणार, कदाचित मशीनही.

“रेघवाली अधिक असणार,” दादा म्हणाला.

“असणार नको,” काटेबाई म्हणाली. “आहे का ते सांगा.”

 गच्चीने कापलेला प्लग पायरीवर ठेवून मधाची सुरी त्यात घातली आणि उभा चिरला. असल्या प्लगचं मधलं टोक म्हणजे अधिक आणि बाजूच्या पट्ट्या म्हणजे उणे, एवढं त्याला गाडीमुळे पक्कं माहीत होतं. रुतलेल्या स्प्रिंगपासून निघालेली वायर कुठली, एवढंच बघायचं होतं. वितळलेलं प्लास्टिक कणाकणाने खरवडत तो आत गेला. वीस मिनिटं लागली. स्प्रिंगची वायर बिनरेघेची निघाली.

दादाने रेघवालीकडे बघितलं आणि प्लास्टरच्या हाताने कान खाजवला.

दहा चव्वेचाळीसला गच्चीने चिमटे बॅटरीच्या दोन टोकांना लावले, बिनरेघेची वायर लालला, रेघेची काळ्याला. डबीवरचा हिरवा दिवा लागला. काटेबाईने मशीनचं बटण दाबलं. पडदा उजळला आणि खाली आकडा आला.

तीन तास आठ मिनिटं.

“बावन्न मिनिटं हवीत,” ती म्हणाली. “बाराला अजून सव्वा तास आहे.” आणि मग, इतका वेळ रोखून धरलेला श्वास एकदम सोडून: “झोपा बरं लवकर!”

“अशी सांगून झोप येते का?”

“नाही आली तरी चालेल. डॉक्टरांची अट मास्कची आहे.”

अडचण एकच राहिली. बॅटरीची टोकं गुळगुळीत होती, चिमटे धरून ठेवले नाहीत तर सरकत होते, आणि दोन्ही एकमेकांना भिडले असते तर सगळंच आटोपलं असतं. शेवटी मधाच्या खोलीतल्या बाकावर गच्ची आडवा झाला, उशाशी स्टुलावर मशीन, आणि जमिनीवर बॅटरी पुढ्यात घेऊन दादा मांडी घालून बसला. डाव्या हाताने लाल चिमटा धरलेला, प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी काळा. समोर काटेबाई चौकटींवरचं मेण गरम सुरीने कापत होती आणि चौकटी गरगर फिरवून मध बाहेर काढणाऱ्या मधयंत्राचा दांडा फिरवत होती. दहा एक्कावन्नला मास्क लागला.

“बावीस वर्षांत पहिल्यांदा असं झालंय,” थोड्या वेळाने काटेबाई म्हणाली, “की मी बोलतेय आणि हे मधे बोलत नाहीत.”

गच्चीने एक डोळा उघडला.

“बोलून घे, काटेबाई,” दादा म्हणाला. “बाराच्या आत सगळं बोलून घे.”

“स्वयंपाकघरातला नळ मार्चपासून गळतोय.”

गच्चीने तो डोळा मिटून घेतला.

“बघा! हे असं असतं.”

“लहानपणीही अस्साच. आईने हाक मारली की झोपेचं सोंग. एकदा तर सोंग करता करता खरंच झोपला आणि शाळा बुडली. मार मला.”

“तुम्हाला का?”

“मी उठवलं नाही म्हणून.”

दांडा फिरत राहिला. ओतलेल्या मधाचा वास खोलीभर पसरला होता. जाळीच्या खिडकीबाहेर दहा-बारा माश्या आत यायची वाट शोधत होत्या. चौकटी बदलायला काटेबाई बाहेर गेली आणि खोलीत दोघं भाऊच उरले. दादाने दोन्ही चिमटे पुन्हा घट्ट धरले.

“तू आता उत्तर देऊ नकोस,” तो म्हणाला. “हवा जाईल तुझी. नुसतं ऐक.”

गच्ची ऐकत होता.

“चार वर्षांपूर्वी आला होतास ना, तेव्हाही याच घरात झोपलो होतो आपण. तू घोरत होतास, आणि मधेच घोरणं थांबलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा. मग लक्षात आलं, श्वासही थांबलाय. उठून बसलो. मोजायला लागलो. एकतीसपर्यंत मोजलं, आणि तू एकदम हिसका दिल्यासारखा श्वास घेतलास. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. रात्रभर मोजत बसलो मी. उठवावं म्हटलं, तर तू दिवसभर पेट्या उचलून दमलेला.” त्याने लाल चिमटा जरा दाबला. “आणि सकाळी तुला काय म्हटलं मी? काय घोरतोस रे रेड्यासारखा. काटेबाई हसली, तूही हसलास, मीही हसलो. थांबतोस, हे बोललोच नाही. म्हटलं, कशाला घाबरवा. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं असतं, तर तो कंटेनर तुझ्या हातात असताना...” त्याने काळा चिमटा नीट धरला. “सहा सेकंदांचं मला काटेबाईने सांगितलं. तू नाही सांगितलंस. रागच आला होता. मग वाटलं, मी तरी तुला कुठे सगळं सांगतो?”

  दादाने मान वर करून बघितलं.

गच्ची झोपला होता. तोंड मिटलेलं, एक हात बाकावरून खाली लोंबकळलेला, छाती संथ वर-खाली होत होती.

काटेबाई चौकट घेऊन आत आली. दादाने ओठांवर बोट ठेवायचं म्हणून हात उचलायला घेतला, आणि चिमटा आठवून जिथल्या तिथे थांबला. मग नुसत्या भुवया वर केल्या.

“सोंग आहे,” ती कुजबुजली.

“नाही. सोंगात तो पाय हलवतो.”

अकरा त्रेचाळीसला चार तास पुरे झाले असणार, असा काटेबाईचा हिशेब होता. पण हिशेब म्हणजे आकडा नव्हे. काट्यावर ट्रक डोलत असताना ती कधी वजन वाचायची नाही, तो पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची. हवा चालू असेपर्यंत पडद्यावर आकडा येत नाही, तो मशीन बंद केल्यावरच दिसणार होता. ती मशीनशेजारी उभी राहिली, मधाने चिकट झालेले हात अंगापासून लांब धरून.

“अकरा पंचावन्नला बंद करते,” ती हळूच म्हणाली.

“कशाला? झोपू दे की. किती दिवसांनी असा झोपलाय.”

“बारा ओलांडून मशीन चालू राहिलं तर ही मिनिटं आजच्यात धरणार की उद्याच्यात, ते पुस्तिकेत लिहिलेलं नाही. मला धोका घ्यायचा नाही.”

“जाग येईल त्याला.”

“येऊ दे.”

अकरा पंचावन्नला तिने कोपराने बटण दाबलं. हवा थांबली. गच्ची चुळबुळला, मास्कच्या आत काहीतरी पुटपुटला. पडदा उजळला.

चार तास बारा मिनिटं.

काटेबाईने आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग स्टूल थोडं वळवून दादाला दाखवला. दादाने तो डोळे बारीक करून वाचला, चष्मा दुसऱ्या खोलीत होता, आणि मान हलवली. नंतर बराच वेळ हलवतच राहिला.

“आता पुन्हा चालू कर,” तो म्हणाला.

तिने पुन्हा बटण दाबलं. हवा सुरू झाली. गच्चीने कूस बदलली आणि परत गाढ झोपला. बारा वाजले, साडेबारा वाजले. काटेबाईने अकरा चौकटींचा मध काढला. दादाच्या पायाला मुंग्या आल्या, तिने त्याच्या पाठीमागे एक रिकामी पेटी सरकवली. एकदा तिने विचारलं, मी धरू का थोडा वेळ? दादा म्हणाला, तुझे हात मधाचे आहेत, तू तुझं काम कर.

पावणेदोनला गच्ची उठला तो दचकून, मास्क ओढतच.

“किती? किती झाले?”

“कालचे चार बारा,” काटेबाई म्हणाली. “आणि आजचे आत्ताच दोन तास होत आले. रात्री सवलत आहे तुम्हाला.”

गच्ची बाकावर बसून राहिला. तळव्यांनी चेहरा चोळला, नाकावर मास्कची लाल खूण उमटली होती. मग त्याने खाली दादाकडे बघितलं.

“तू अजून धरून बसलायस?”

“मग काय सोडून देऊ?”

“ऊठ की आता.”

“हात दे. पाय गेलेत माझे.”

उरलेल्या पेट्या गच्चीने संध्याकाळपर्यंत उतरवल्या. काम संपल्यावर त्याने चौकटीची तार घेऊन चिमटे बॅटरीला करकचून बांधले, मधे लाकडाची खपली घातली, ओढून बघितले, हलवून बघितले. काटेबाईनेही ओढून बघितले. दादाला डबीजवळ यायची बंदी झाली. तो लांबूनच म्हणाला, “गार पडेल हो ती,” आणि दोघं एकदम त्याच्यावर ओरडले. त्या रात्री मशीनने सात तास चाळीस मिनिटं नोंदवली.

सोमवारी डॉक्टरांनी कार्ड संगणकात घातलं. तीस उभ्या रेघा पडद्यावर आल्या. पेन्सिलीचं टोक एकेका रेघेवरून सरकत गेलं आणि सत्ताविसावीवर थांबलं. ती दोन तुकड्यांची होती.

“इथे काय झालं?”

“प्लग वितळला.”

“मग?”

“मग उरलेली झोप सकाळी घेतली. बाराच्या आत.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “बारा ते बाराचं तुम्हाला कुणी सांगितलं? ते कुणी वाचत नाही.”

“बायकोने वाचलं.”

डॉक्टर हसले. पेन्सील पुढे सरकली, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मग त्यांनी फॉर्म ओढून घेतला, तारीख घातली, सही केली, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितलं.

बाहेर फाटकाशी मुकादम भेटला. हातातला फॉर्म त्याने उलटसुलट करून बघितला.

“झालं?”

“झालं.”

“उद्या यादी लागेल. तुझं नाव मीच दिलंय, पण हा कागद आल्याशिवाय वर पाठवता येत नव्हतं.” त्याने फॉर्म घडी घालून खिशात टाकला. “बुधवारपासून सहाची पाळी. भांडाराच्या किल्ल्या कुणाकडे देणार?”

“तू सांगशील त्याला,” गच्ची म्हणाला. “आज देऊ?”